जुन्या एमजीबीचं ब्रेक ऑइल गळतंय? शोधायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी बाहेर काढली आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर बशीएवढा ओला डाग दिसला, किंवा बॉनेट उघडलं तर ब्रेकच्या डबीतली लेव्हल बोटभर खाली गेलेली. अशा वेळी नव्या माणसाचा हात आपोआप ब्रेक ऑइलच्या बाटलीकडे जातो, डबी भरतो आणि गाडी काढतो. कृपया हे करू नका. मी केलंय, दोन महिने केलंय, आणि एका राउंडअबाउटच्या तोंडाशी पेडल पायाखालून सरळ खाली गेलं तेव्हा हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबली. पुढे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. हा लेख त्या दिवसापासून डोक्यात आहे.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, मी राहतो ऑक्सफर्डशायरमध्ये, म्हणजे ही गाडी जिथे बनली त्या अॅबिंग्डनपासून फार लांब नाही. एमजीबी १९६२ ला आली आणि १९८० ला बंद झाली, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे आजही जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की बरेच जण हिच्यापासूनच सुरुवात करतात, आणि इकडे राहणारे आपले मराठी लोकही त्यात आहेत. आपल्याला तर ही गाडी घरचीच वाटावी, कारण हिचं १८०० सीसी इंजिन हे आपल्या जुन्या अँबेसेडरच्या १५०० सीसी इंजिनाच्याच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज. ज्यांनी अँबेसेडरचं बॉनेट उघडून बघितलंय त्यांना इथे फार अनोळखी वाटणार नाही. तुमच्याकडे एमजी मिजेट किंवा ट्रायम्फ स्पिटफायर असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल, फक्त मापं आणि बारकावे आपापल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून बघून घ्या.

आधी समजून घ्या की इतकं गंभीर का आहे

आजच्या गाडीत ब्रेकचे दोन वेगळे सर्किट असतात, एक फुटलं तरी दुसरं थोडंफार थांबवतं. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबींना तिथल्या नियमांमुळे १९६८ च्या मॉडेलपासून डबल सर्किट मिळालं, पण ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्या सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सिंगल सर्किटच होत्या. म्हणजे एक मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या पाइपांत दाब तयार करणारा), त्यातून निघालेली एकच लाइन, तीच चारही चाकांना. मागच्या डाव्या चाकातलं एक रबर गेलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. राहिला फक्त हँडब्रेक, जो केबलवर चालतो.

दुसरी गोष्ट, ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना, त्यात मोठे बदल केले नसतील तर, २०१८ पासून वार्षिक एमओटी टेस्ट (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणी) सक्तीची नाही. सगळ्या एमजीबी आता त्यात बसतात. म्हणजे वर्षातून एकदा खाली घुसून पाइप बघणारा तो तिऱ्हाईत माणूसच गेला. मी स्वतः तरीही दरवर्षी टेस्ट करून घेतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

आणि 'ब्रेक ऑइल' हे ऑइल नाहीच

आपण सगळे ब्रेक ऑइलच म्हणतो, मीही पुढे तेच म्हणणार आहे, पण हा शब्द एकदा आमच्या घरच्यांच्या जिवावर बेतला होता म्हणून सांगतो. लहानपणी बाबांच्या अँबेसेडरमध्ये आम्ही साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो, वाटेत ब्रेकची डबी कमी दिसली म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजमधल्या पोराने "ऑइल टाकतो" म्हणून कॅनमधलं साधं ऑइल ओतलं. खंबाटकीच्या घाटात पोचेपर्यंत ब्रेक धरायला लागले, पाय काढला तरी सुटेनात, ड्रममधून वास आणि धूर. साध्या ऑइलने ब्रेकची रबरं फुगतात, फुगलेलं रबर मास्टर सिलिंडरमधलं बारीक भोक बंद करतं, मग दाब परत डबीत जायला वाटच उरत नाही. नंतर अख्खी सिस्टीम, प्रत्येक रबर, बदलावं लागलं.

तर ब्रेकच्या डबीत ग्लायकॉलचं द्रव्य असतं. एमजीबीला डॉट ४ घाला, ही बाटलीवर लिहिलेली ग्रेड. नव्या सीलबंद डॉट ४ चा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो, पण हे द्रव्य हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं स्टँडर्डच म्हणतं. पाणी शिरलं की दोन त्रास, उतारावर ब्रेक तापून वाफ धरते, आणि आतून लोखंड गंजतं. हा दुसरा त्रासच बहुतेक गळत्यांचं मूळ आहे. इकडची ओल असो की कोकणातला पावसाळा, दर दोन वर्षांनी सगळं काढून नवीन भरा. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली वर्षापूर्वीची बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे, नावाने गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

अजून एक, हे द्रव्य पेंट खातं. सांडलं की पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. मी काम करताना एक पाण्याची बादली आणि ओली चिंधी शेजारी ठेवतोच ठेवतो.

गळतंय ते नक्की काय आहे?

जुन्या ब्रिटिश गाडीखाली ओल दिसणं नवीन नाही, इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं, डिफरन्शियलचं, काहीही असू शकतं. मागच्या चाकाच्या आत ओल असेल तर तिथे दोनच संशयित, व्हील सिलिंडरमधून (ड्रममध्ये ब्रेकचे शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) ब्रेक ऑइल, नाहीतर हबच्या सीलमधून डिफरन्शियलचं जाड ऑइल. ओळखायची सोपी युक्ती, त्या डागात चिंधी बुडवा आणि ग्लासभर पाण्यात पिळा. विरघळलं तर ब्रेक ऑइल, वर तवंग आला तर दुसरं ऑइल. डिफरन्शियलच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास पण येतो. चाखून बघायचं वगैरे कोणी सांगितलं तर अजिबात करू नका, विषारी आहे.

क्लचचं पण ध्यानात ठेवा. एमजीबीत क्लचही हायड्रॉलिक आहे, द्रव्य तेच, आणि दोन्ही मास्टर सिलिंडर शेजारी शेजारी एकाच पेडल बॉक्सवर बसलेत. कुठली डबी कमी होतेय ते आधी बघा, नाहीतर ब्रेक उघडून बसाल आणि गळत असेल क्लच.

थोडीशी लेव्हल कमी होणं साहजिक आहे, पुढचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं द्रव्य तिकडे जातं. पण ते वर्षभरात हळूहळू होतं. आठवड्यात कमी झालं तर ती गळतीच.

जागा शोधणे, इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्या कामात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. जागा नीट सापडली की दुरुस्ती ही नुसते स्पॅनर फिरवण्याची गोष्ट.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा, चारही चाकांच्या आत आणि पेडल बॉक्सच्या बरोबर खाली. पुठ्ठ्यावर चाकाची जागा पेनाने लिहा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. मात्र डाग जिथे आहे तिथेच गळती असेल असं नाही, पाइपवरून थेंब घरंगळत सगळ्यात खालच्या जागी येऊन पडतो, म्हणून डागापासून वर वर हात लावत जायचं.

मग पेडल. इंजिन बंद, पेडल घट्ट दाबून एक मिनिट तसंच धरा. दाबताना स्पंजसारखं लागलं आणि पंप केल्यावर वर आलं तर आत हवा आहे. पण कडक लागून मग पायाखाली हळूहळू खाली खाली जात असेल तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर कुठेच ओल नाही, डबीची लेव्हलही जशीच्या तशी, तरी पेडल बसतंय, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय, द्रव्य रबराला वळसा घालून परत डबीतच जातंय.

आता गाडी वर घ्या. सपाट काँक्रीटवर, चाकांना ओंडके लावून, जॅकने उचलून घोड्यांवर (अॅक्सल स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटासाठी सुद्धा नाही. चाकं काढा, सगळे जॉइंट ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करा, आणि मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. घरातल्या कुणाला तरी आत बसवून पेडल चार-पाच वेळा दाबायला सांगा. पावडरवर ओली रेघ उमटते ती तुमची जागा. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली आणि दरवेळी कामी आलीय.

बघायच्या जागा साधारण या क्रमाने, म्हणजे माझ्या अनुभवात जिथे जास्त वेळा सापडलं तिथून.

मागचे व्हील सिलिंडर. ड्रम काढा, सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट अलगद बोटाने मागे ओढा. आत कोरडं हवं. थेंब पडला तर सिलिंडर गेला. ड्रमच्या आतली काळी भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये एस्बेस्टॉस असायचं, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ ला आली, आणि तुमच्या गाडीचे लायनर किती जुने आहेत कोण सांगणार. ओल्या चिंधीने पुसा, मास्क लावा, चिंधी पिशवीत बांधून टाका.

मास्टर सिलिंडर. हा बाहेरून कोरडा दिसतो आणि आत गळतो. पेडलपाशी गालिचा उचला, पेडलच्या दांड्याला बोट लावून बघा. ओलं असेल, किंवा पेडल बॉक्सच्या पेंटला फोड येऊन पोपडे निघाले असतील, तर मागचं सील गेलंय.

रबरी होज तीन आहेत, पुढे दोन आणि मागे बॉडीपासून अॅक्सलपर्यंत एक. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या, फुगवटा आला, की बदला.

लोखंडी पाइप. जिथे क्लिपा आहेत तिथे क्लिपेखाली चिखल आणि पाणी साचतं आणि पाइप तिथेच गंजतो, बाहेरून दोन्हीकडे चकचकीत आणि क्लिपेखाली कागदासारखा पातळ. क्लिपा उघडल्याशिवाय पाइप चांगला आहे असं म्हणू नका. अॅक्सलवरचे पाइप तर हमखास.

पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे), पिस्टनला गंज लागून सील फाटतं. जुन्या एमजीबीत ब्रेक लाइटचा स्विच हायड्रॉलिक लाइनवरच असतो, तोही कधीकधी पाझरतो, सहज नजरेतून सुटतो.

आणि सर्व्हो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणारं यंत्र. ज्यांच्या गाडीला सर्व्हो आहे त्यांनी हे नीट वाचा, कारण मला याने महिनाभर फिरवलं. डबी कमी होत होती आणि गाडीखाली, चाकात, पेडलपाशी, कुठेही थेंब नाही. सर्व्होच्या आतलं सील गेलं की ब्रेक ऑइल व्हॅक्यूमच्या बाजूला शिरतं आणि व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिन ते ओढून घेतं, जाळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मी धूर बघून हेड गॅस्केटची काळजी करत बसलो होतो. सर्व्होची व्हॅक्यूमची नळी काढून आत ओल आहे का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हत्यारं

एमजीबीचे पाइप ३/१६ इंचाचे, आणि त्यावरचे नट ३/८ यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे, पाना लागतो ७/१६ चा. साधा उघडा पाना वापरू नका, नट मऊ असतात, कोपरे गोल होतात आणि मग रडायची पाळी. फ्लेअर नटचा पाना घ्या, म्हणजे रिंग पान्यालाच पाइप जाण्यापुरती फट असते तो. ही एकच वस्तू नवीन आणि चांगली घ्या, बाकी उसनं चालेल. शिवाय घोड्या, डोळ्यांना चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, पेनिट्रेटिंग ऑइल, लाल रबर ग्रीस, ब्रेक क्लीनर, पारदर्शक नळी आणि काचेची बाटली.

नवीन पार्ट घेताना आटे जुळवून बघा. एम १० चा मेट्रिक नट आणि ३/८ यूएनएफ डोळ्यांना सारखेच दिसतात, एक-दोन फेरे जातात पण, मग अडकतं, आणि जोर लावला की सिलिंडरचे आटे गेले. हाताने चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावायचाच नाही, काढून बघायचं.

मागचा व्हील सिलिंडर बदलणे

बहुतेकांचं काम इथेच निघतं म्हणून हे सविस्तर सांगतो.

सुरू करायच्या आधी डबीचं झाकण काढून त्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून लावा आणि झाकण परत घट्ट करा. वरून हवा न मिळाल्यामुळे खाली पाइप सोडल्यावर द्रव्य भळाभळा येत नाही, थेंब थेंब येतं.

पुढच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक सोडलेला. वायर व्हील असतील तर मधल्या चाकनटवर सोडायची दिशा कोरलेली असते ती बघून मगच हातोडी मारा, दोन्ही बाजूंची दिशा उलट आहे. अॅडजस्टर, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) मागून चौकोनी डोकं दिसतं ते, पूर्ण ढिला करा, तरच ड्रम निघेल. ड्रम काढल्यावर कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत, कुठला शू कुठे, सगळं. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघता येते.

शू काढले, हँडब्रेकचा दांडा सोडवला, की पाइपचा नट. हा बहुधा अडकलेला असतो. आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. थोडा सोडवा, थोडा परत आवळा, परत सोडवा, असं. नटाबरोबर पाइपही पिळला जातोय असं दिसलं तर थांबा, तो पाइप गेला असं समजून सरळ कापा आणि नवा करा. पिळलेला पाइप परत वापरायचा विचार सुद्धा नको.

सिलिंडर मागून एका क्लिपेने धरलेला असतो आणि ही क्लिप म्हणजे सगळ्या एमजीबीवाल्यांची परीक्षा. जुनी काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटून निघते, पण ती कशी, कुठल्या बाजूला फुगीर बसलीय ते बघून ठेवा. नवी लावताना आधी सिलिंडर आणि त्याखालचं गॅस्केट बॅकप्लेटमध्ये बसवा, मग पाइपचा नट हाताने चार फेरे आत घाला, आणि मगच क्लिप. क्लिप आधी लावली की सिलिंडर हलत नाही आणि नट आट्यांना नीट सापडत नाही, तिरपा जातो. क्लिपेवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून सगळीकडून सारखी दाबत न्या, पुढून कुणीतरी सिलिंडर धरायला असेल तर काम अर्धं होतं. नवीन क्लिप सिलिंडरबरोबर घ्या, जुनी परत वापरू नका.

जुना सिलिंडर घासून त्यात नुसती रबरं घालावीत का? पूर्वी सगळे तेच करायचे. आत बोट फिरवून आणि टॉर्च मारून बघा, गंजाचे बारीक खड्डे दिसले तर घासूनही उपयोग नाही, नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. नवा सिलिंडर महाग नाही. बोअरचं माप मात्र जुन्यावरचंच घ्या, वर्षावरून अंदाज करू नका, मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय बसवलंय सांगता येत नाही. आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, एकाचं वय झालं म्हणजे दुसऱ्याचंही झालंच.

ऑइल लागलेले शू फेकून द्या. पेट्रोलने धुऊन, भाजून, पॉलिश पेपर मारून ते वाचत नाहीत, लायनरने आत शोषलेलं असतं आणि ड्रम तापला की परत बाहेर येतं, मग एक चाक धरतं आणि दुसरं नाही, गाडी एका बाजूला ओढते. नवे शू चारही एकदम.

बाकीच्या जागा

होज बदलताना होज पिळायचा नाही. होजचं षट्कोनी टोक एका पान्याने धरा, दुसऱ्याने लोखंडी पाइपचा नट सोडा, मग ब्रॅकेटवरचा नट, आणि शेवटी होज कॅलिपरमधून फिरवून काढा. कॅलिपरच्या टोकाला तांब्याचा वायसर असतो, तो दरवेळी नवा. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे घासत नाही ना बघा. तीनही एकदमच बदला.

पाइपला लोखंडाऐवजी कॉपर-निकेलचा घ्या, कुनिफर म्हणून मिळतो, गंजत नाही आणि हाताने वळतो. फ्लेअरचं, म्हणजे पाइपचं तोंड पसरवायचं, मशीन घरी असेल तर ठीक, नसेल तर गाडीप्रमाणे तयार पाइपचा सेट मिळतो, पहिल्यांदा करणाऱ्याने तोच घ्यावा. स्वतः करणार असाल तर जुन्या पाइपचं तोंड जसं आहे तसंच नव्याचं हवं, आणि फ्लेअर मारायच्या आधी नट पाइपवर चढवा.

नळाच्या कामात लावतात ती पांढरी टेप आट्यांवर लावू नका. इथे द्रव्य आटे अडवत नाहीत, पाइपचं तोंड समोरच्या धातूवर दाबून बसतं आणि तेच अडवतं. टेपेचा तुकडा आत गेला तर मास्टर सिलिंडरचं भोक बंद करेल. नट बसूनही पाझरत असेल तर थोडा सोडून परत आवळा, तरी पाझरला तर फ्लेअर चुकलाय.

कॅलिपरचे दोन भाग बोल्टने जोडलेले दिसतात, ते सोडू नका. पिस्टन गाडीवरच पेडल दाबून हळूहळू बाहेर आणता येतात, गंजलेले असतील तर स्टेनलेसचे पिस्टन आणि सील किट घाला. सीलला फक्त लाल रबर ग्रीस किंवा नवं ब्रेक ऑइल लावा. साधं ग्रीस नाही, पेट्रोल नाही, डब्ल्यूडी फॉर्टी नाही. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा मेथिलेटेड स्पिरिट.

मास्टर सिलिंडर मी तरी नवाच घालतो. काढताना पेडलची पिन वाकून, डोकं खाली घालून काढावी लागते, अर्धा दिवस धरून चाला. सर्व्होचं आतलं काम घरी करू नका, रिकंडिशन करून देणारे आहेत त्यांना द्या. ते होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

हवा काढणे

प्लास्टिकची फिल्म काढा, विसरलात तर तासभर पंप करत बसाल. आधी मागचे शू अॅडजस्टरने पूर्ण घट्ट करून ठेवा, पिस्टनची चाल कमी होते आणि हवा लवकर निघते.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या निपलला (हवा सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. आमच्या घरी बायको पेडलवर आणि मी चाकापाशी. मी "दाब" म्हणतो, ती दाबते आणि "धरलंय" म्हणते, मी निपल अर्धा फेरा सोडतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो, मग "सोड". निपल उघडा असताना पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. दर पाच-सहा वेळा डबी बघा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन जिथपर्यंत कधी जात नाही तिथे गंज आणि घाण साचलेली असते, रबर त्यावरून गेलं की फाटतं. ब्लीडिंगच्या (हवा काढण्याच्या) आधी चांगला असलेला मास्टर सिलिंडर ब्लीडिंगनंतर गळायला लागला अशी तक्रार खूप जण करतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बुडबुडे थांबले आणि स्वच्छ द्रव्य यायला लागलं की निपल बंद करा, वर रबरी टोपी लावा. निकामी ब्रेक ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला द्या.

रस्त्यावर काढण्याआधी

मागचा अॅडजस्टर चाक अडेपर्यंत घट्ट, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एक-दोन क्लिक मागे. त्यानंतर हँडब्रेक तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून दोन मिनिटं धरा, कडक राहिलं पाहिजे. सर्व्हो असेल तर पेडल दाबलेलं ठेवून इंजिन सुरू करा, ते किंचित खाली जाऊन थांबलं तर सर्व्हो चालतोय. पण थांबायला हवं, जात राहिलं तर परत घोड्यांवर. पेडल दाबलेलं असतानाच दुसऱ्या कुणाला टॉर्च घेऊन तुम्ही उघडलेला प्रत्येक जॉइंट कोरड्या टिशू पेपरने पुसून बघायला सांगा, टिशूवर थोडीशी ओलही लगेच दिसते.

मग घरासमोर चालण्याच्या वेगात चार वेळा थांबवून बघा, हँडब्रेकवर हात ठेवून. नंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २० मैलांनी, ३० मैलांनी. गाडी एका बाजूला ओढत नाही ना ते बघा. नवे शू बसायला थोडे मैल लागतात, तोवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

घरी आल्यावर परत पुठ्ठा पसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, आठवड्याने बघा, शंभरेक मैल झाले की चाकं काढून परत एकदा टिशू फिरवा. डबीवर मी मार्करने रेघ मारून तारीख लिहून ठेवतो, दर रविवारी बॉनेट उघडलं की रेघ आणि लेव्हल बघायची. माझ्या डबीवरची रेघ गेल्या मार्चमधली आहे आणि लेव्हल अजून तिथेच आहे.